ऐरोली ते ॲमस्टरडॅम: मिक्स टीममध्ये काम करायला जाताय तर

आमच्या गोरेगावच्या सोसायटीत आता ठरूनच गेलंय, कुणाच्या मुलाला किंवा सुनेला बाहेरची ऑफर आली की घरचे आधी पेढे घेऊन येतात आणि मग हळूच त्या मुलाला माझ्याकडे पाठवतात, "ताईला विचार, ती राहून आलीय." मी काही वर्षं नेदरलँड्समध्ये एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम बघत होते, ऑफिस ॲमस्टरडॅमला आणि घर ॲमस्टेलवीनला, जिथे आपली लोकं इतकी आहेत की कढीपत्ता संपला तर शेजारी मागता येतो. आता मुंबईत परत आलेय आणि तसल्याच, वेगवेगळ्या देशांची माणसं असलेल्या टीमबरोबर इथून काम करते. येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले, पगार पुरतो का, थंडी किती, व्हेज मिळतं का. सगळ्याची उत्तरं देते मी, पण या गोष्टींवर कुणाचं घोडं अडत नाही, ते जमून जातं. घोडं अडतं मीटिंगमध्ये, आणि त्याबद्दल कुणी काही विचारतच नाही.

त्यात सगळे "डच लोकं कशी असतात" एवढंच वाचून निघतात. अरे पण तुमच्या टीममध्ये डच असणार किती? आमच्याकडे निम्मी टीम डच नव्हतीच. एक पोलिश डेव्हलपर, ब्राझीलची डिझायनर, तुर्कस्तानची प्रॉडक्ट ओनर (म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारी), एक चिनी मुलगा, मी, आणि ऐरोलीला बसलेली आपली मुलं. इंग्लिश कुणाचीच मातृभाषा नाही. अशा ठिकाणी देशाचा अभ्यास करून फार हाती लागत नाही, टीमचा करावा लागतो, म्हणजे इथे निर्णय नक्की कधी झाला असं धरतात, नाही म्हणायचं तर कुठे म्हणायचं, आणि गप्प बसलेल्या माणसाचा अर्थ काय लावतात. सुरुवातीलाच हे सरळ विचारून घ्या. नवीन माणसाला सगळं माफ असतं, सहा महिन्यांनी तोच प्रश्न विचारलात तर लोक तुमच्याकडे बघायला लागतात.

गप्प बसण्याचंच घ्या. आपल्याकडे साहेब बोलत असताना न पटलेलं माणूस मनात ठेवतो, नंतर केबिनमध्ये जाऊन नाहीतर खाली टपरीवर चहा घेताना सांगतो, आणि चांगल्या साहेबाला हे माहीतही असतं, तो स्वतःच नंतर एकेकाला गाठून विचारतो. तिकडे मौन म्हणजे संमती, अक्षरशः. इंटर्नपासून सगळ्यांना मत विचारतात. त्यांच्या देशाचीच ती रीत आहे, सरकार, मालक आणि कामगार संघटना एका टेबलाभोवती बसून मार्ग काढणार, १९८२ चा वासेनार करार असाच झाला, त्यात संघटनांनी पगारवाढीला आवर घातला आणि त्याबदल्यात कामाचे तास कमी झाले. तीच सवय ऑफिसात उतरलीय. त्यामुळे मीटिंगा लांबतात, आपण आतून वैतागतो की अरे मॅनेजर आहेस ना, सांगून टाक की काय करायचं ते. पण त्या तासाभरात तुम्ही तोंड उघडलं नाहीत आणि दोन दिवसांनी मेल टाकलीत की मला हे पटलं नव्हतं, तर ते लोक खरोखर चक्रावतात. मग तेव्हा का नाही बोललीस?

आणि गंमत म्हणजे तिथेही सगळ्यांचं मौन एक नाही. आमचा चिनी मुलगा मीटिंगमध्ये अवाक्षर काढायचा नाही, सगळे धरून चालायचे की त्याला मान्य आहे, आणि रात्री त्याची भलीमोठी कॉमेंट येऊन पडायची, त्यात असे दोन मुद्दे की सगळं डिझाइन परत काढायला लागेल. डच लोक वैतागायचे. शेवटी तुर्की प्रॉडक्ट ओनरने कुणालाही न दुखावता एक साधी गोष्ट केली, ती अजेंडा आणि प्रश्न आदल्या दिवशी पाठवायला लागली. त्याला विचार करायला वेळ मिळाला आणि तो बोलायला लागला. खरं तर ऐरोलीची मुलंही त्यानंतरच बोलायला लागली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

आता तारखांचं, आणि हे नीट वाचा, कारण तुम्ही तिकडे पोचलात की मुंबईच्या ऑफशोअर टीमशी बोलायचं काम आपोआप तुमच्या गळ्यात पडणार, भारतीय आहात ना, मग तुम्हीच बघा. उन्हाळ्यात आपल्यात साडेतीन तासांचा फरक आणि मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलली की हिवाळ्यात साडेचार, म्हणजे त्यांचा सकाळी ९ चा कॉल हिवाळ्यात बरोब्बर आपल्या जेवणाच्या वेळेला, दीड वाजता. मुलं डबा अर्धा टाकून बसलेली. डच लीड विचारणार, "गुरुवारपर्यंत होईल का?" ऐरोलीहून उत्तर, "हो, ट्राय करतो." लीड बोर्डवर गुरुवार लिहून मोकळा. मला मात्र त्या उत्तराआधीची ती क्षणभराची शांतता ऐकू आलेली असायची, आपल्या माणसाला ती कळतेच, की हे काय गुरुवारी होत नाही, पण क्लायंटला तोंडावर नाही कसं म्हणणार. त्याने नकार दिलेलाच असतो हो, फक्त आपल्या पद्धतीने दिलेला असतो आणि समोरच्याला ती पद्धत ठाऊक नसते.

यावर कंपन्या काय करतात तर आपल्या मुलांना ट्रेनिंग देतात, "नाही म्हणायला शिका". माझं मत विचाराल तर हे ट्रेनिंग पाण्यात. वीस वर्षं घरात, शाळेत, कॉलेजात मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही असं शिकलेला मुलगा दोन तासांच्या स्लाइड्स बघून बदलत नाही. त्यापेक्षा प्रश्न बदला. "होईल का" हे विचारायचंच नाही. "गुरुवारी संध्याकाळी माझ्या हातात काय काय असेल आणि काय नसेल?" असं विचारलं की तीच मुलं धडाधड सांगतात, लॉगिन होईल, पेमेंटचं अर्धं होईल, रिपोर्टला सोमवार उजाडेल. कुणाला नाही म्हणावं लागत नाही आणि खरं काय ते बाहेर येतं. मी आमच्या लीडला हे एकदा सांगितलं, त्याने लगेच उचललं, आणि मग ब्राझीलच्या डिझायनरलाही तो तसंच विचारायला लागला कारण तिचाही होकार साधारण आपल्यासारखाच मोकळाढाकळा असायचा.

पोलिश डेव्हलपरची तऱ्हा उलटी. काहीही सांगा, पहिला शब्द नाही. शक्य नाही, ही कारणं, आणि मग अर्ध्या तासाने तोच उपाय घेऊन हजर. त्याच्या नाहीला घाबरायचं नसतं, चहा पिऊन परत जायचं. सगळे पोलिश असे असतात असं मी म्हणत नाहीये हां, हा एक माणूस असा होता.

तोंडावर बोलतात हे मात्र खरं आहे आणि त्याची मनाची तयारी ठेवाच. मी टेस्ट प्लॅन लिहून दाखवला, सगळे बसलेले, माझ्या शेजारची डच कलीग शांतपणे म्हणाली, "मला हे पटत नाहीये, दुसरं पान गोंधळाचं आहे आणि तिसऱ्याची गरजच काय?" मुंबईत हे वाक्य म्हणजे भांडणाची सुरुवात. माझे कान गरम. मीटिंग संपली, बाई उठल्या आणि मला विचारतायत, कॉफी आणू का तुझ्यासाठी, दूध घालून ना? तिच्या डोक्यात काही नव्हतंच, कागदाबद्दल बोलली आणि विषय संपला. ब्राझीलच्या मुलीला हे माझ्यापेक्षा जास्त लागायचं, आम्ही दोघी मग लिफ्टपाशी उभ्या राहून एकमेकींचं सांत्वन करायचो. हळूहळू लक्षात येतं की याचा फायदाही आहे, ज्या दिवशी तीच बाई "चांगलं झालंय" म्हणते त्या दिवशी ते खरंच चांगलं झालेलं असतं. फक्त एक करा, लगेच सॉरी म्हणून सगळं मान्य करू नका, "दुसरं पान बदलते, तिसरं का हवं ते सांगते" असं म्हणा, त्यांना वाद घालणारा माणूस आवडतो. आणि कॅमेऱ्यावर नुसती मान डोलावू नका, ती हो आहे की नाही हे आपल्याशिवाय जगात कुणाला कळत नाही.

साहेबाला नावाने हाक मारायची, सर-मॅडम बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. कॉफीचं माहीत नसतं. जो उठेल तो आजूबाजूच्या सगळ्यांना विचारून आणतो, मॅनेजरसुद्धा. तुम्ही एकटेच उठून स्वतःचा कप भरून आलात तर कुणी बोलणार नाही पण दिसतं ते. वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. घरी बोलावलं तर तिथे खुर्च्या गोलात मांडून बसतात आणि नुसतं ज्याचा वाढदिवस त्यालाच नाही तर त्याच्या आईला, बायकोला, मेव्हण्याला सगळ्यांना शुभेच्छा द्यायच्या. बिनधास्त द्या.

सुट्ट्यांच्या बाबतीत आपली पंचाईत होते. तिथे पार्ट टाइम काम करणं अगदी नॉर्मल, चांगल्या पोस्टवरचा माणूस चारच दिवस काम करतो, एक दिवस मुलांसाठी, बापसुद्धा. त्या दिवशी त्याला फोन करायचा नाही म्हणजे नाही. म्हणून कुठलीही तारीख ठरवण्याआधी कोण कुठल्या वारी नसतं ते कॅलेंडरवर बघून घ्या. आजारपणाचं तर आणखी वेगळं. फोन करून आज बरं नाही एवढंच सांगायचं, काय झालंय हे विचारायची कंपनीला कायद्याने परवानगीच नाही. आपल्याला ते तुटक वाटतं, आपल्याकडे नुसता ताप आला तर मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे काढा सुचवतात. मला फ्लू झाला तेव्हा मला वाटलं यांना काही पडलेलीच नाही, आणि जरा लांबलं तशी घरी फळांची टोपली आली, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड. काळजी असते, चौकशी नसते.

जेवणाचं पटकन सांगते. दुपारी ब्रेड आणि चीज, अर्ध्या तासात आटपतात, ताक मिळतं पण मीठ-जिरं घरून न्या. सुकट-बोंबील ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये नको, हे मी एक मालवणी म्हणून जड अंतःकरणाने सांगतेय. शुक्रवारी संध्याकाळी ड्रिंक्स असतात, दारू पीत नसाल तरी जा, निम्म्या गोष्टी तिथे कळतात. तिथे गोल तळलेले बिटरबालन येतात, ते बहुतेक वेळा बीफचे असतात, खात नसाल तर आधी विचारा. आणि दुसऱ्या दिवशी फोनवर टिकी या पैसे मागायच्या ॲपची रिक्वेस्ट येते, तुमच्या कोकचे तीन युरो. राग मानू नका. आपण उडप्याकडे बिलासाठी हाणामारी करणारी माणसं, पण तिथे हिशेब चुकता म्हणजे मैत्री साफ असं आहे, आणि नवीन असताना खिशाला तेच बरं पडतं.

कागदपत्रांत एकच गोष्ट सगळ्यांना नडते, जन्माचा दाखला. व्हिसाचा अर्ज तिकडची कंपनीच तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे करते त्यामुळे आपण निर्धास्त असतो, पण तिथे चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची असते आणि तिथे ॲपोस्टिल केलेला (म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का मारलेला) जन्माचा दाखला मागतात. आता आपल्यातल्या कित्येकांच्या महापालिकेच्या जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं आईवडिलांचं, किंवा दाखला नुसता मराठीत. तर वॉर्ड ऑफिसला जाऊन नाव घालून इंग्रजीतला दाखला काढा, मग मंत्रालय, मग ॲपोस्टिल. याला किती वेळ लागेल ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही, म्हणून ऑफर हातात यायची वाट बघू नका, इंटरव्ह्यू चालू असतानाच सुरू करा. बाहेरून आलेल्या कुशल लोकांसाठीची टॅक्स सवलत, जिला सगळे '३० टक्के रूलिंग' म्हणतात, ती मिळत असेल तर तिचा अर्ज कंपनीबरोबर पहिल्या चार महिन्यांत गेला पाहिजे, तरच ती पहिल्या दिवसापासून धरतात. एचआरच्या मागे लागा, लाजू नका. आणि घर बघताना फर्निचर नसलेलं म्हणजे कधीकधी जमिनीवर फरशीसुद्धा नसलेलं, नुसतं सिमेंट, हे फोटोत झूम करून बघा.

लग्न झालेलं असेल तर आणखी एक, जे कुणी सांगत नाही. ऑफिसात तुम्हाला आठ तास माणसं भेटतात, घरी राहिलेल्या जोडीदाराला नोव्हेंबरमध्ये साडेचारला पडलेला अंधार भेटतो. मी ॲमस्टेलवीनला अशा किती मुली बघितल्या, इथे बीकेसीत चांगली नोकरी करणाऱ्या, तिथे दुपारभर आईशी व्हिडिओ कॉलवर. हायली स्किल्ड मायग्रंटच्या, म्हणजे कुशल कर्मचारी म्हणून परमिट मिळालेल्या माणसाच्या जोडीदाराला तिथे वेगळं परमिट न काढता कुठेही काम करता येतं, पण सगळे आधी जातात, सेटल होतात आणि मग तिच्या नोकरीचं बघू म्हणतात, तोवर सीव्हीत वर्षाची गॅप. त्यापेक्षा तुमचा व्हिसा प्रोसेसमध्ये असतानाच तिचे नाहीतर त्याचे अर्ज टाकायला घ्या, आणि तुमच्याच कंपनीच्या एचआरला विचारा की जोडीदाराच्या नोकरीसाठी काही मदत करता का. बऱ्याच कंपन्या करतात, पण आपणहून सांगत नाहीत.