एकाच घडीत संक्रांतीचा पतंग आणि ख्रिसमस ट्री

तीन-चार वर्षांच्या मुलांना थंडीतली ओरिगामी शिकवायचीय तर बर्फाचे स्टार वगैरे सोडा, एवढ्याशा बोटांना ते जमत नाही. ए-फोर कागदाचा कोपरा तिरका दुमडून समोरच्या लांब कडेवर आणा, उरलेली पट्टी कापा की २१ सेंमीचा चौकोन तयार, आणि मधली तिरकी रेघ आपोआप पडलेली असते, ती स्केचपेनने गिरवून द्या म्हणजे मुलांना दिसते. आता रेघेच्या एका टोकाकडच्या दोन्ही कडा रेघेवर आणायच्या, झाला पतंग! कापलेल्या पट्टीची शेपटी चिकटवा. हिरवा कागद असेल तर लांब टोक वर धरून खालचा त्रिकोण मागे दुमडा, ख्रिसमस ट्री! घडी आइस्क्रीमच्या काडीने दाबायला द्या, मुलांना ते जाम आवडतं. वाकडी आली तरी प्लीज स्वतः सरळ करू नका.