धुरकट सिंगल माल्ट चाखायची कशी

पीटेड स्कॉचचा, म्हणजे धुरकट स्कॉच व्हिस्कीचा, पहिला वास आला की बहुतेक जण म्हणतात, अरे हे तर डेटॉल आहे, आणि त्यात कोक ओतून विषय संपवतात. एवढे पैसे मोजून! खरं तर करायचं एकच, नाकाला त्या धुराची सवय होऊ द्यायची. नाक धुराला कंटाळलं की त्याच्या मागे दडलेलं लिंबू, व्हॅनिला, खारट वारा असं काय काय पुढे यायला लागतं.

हा धूर येतो कुठून ते आधी बघू. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला आयला नावाचं बेट आहे, तिथल्या दलदलीत हजारो वर्षं दबत कुजत गेलेलं शेवाळ, गवत, मुळं म्हणजे पीट, ते विटांसारखं कापून वाळवतात, जाळतात आणि मोड आलेली बार्ली त्याच्या धुरावर सुकवतात. धुरातली फेनॉल्स, म्हणजे धुरकट वासाची रसायनं, दाण्याला चिकटतात ती थेट तुमच्या ग्लासापर्यंत येतात. जाणकार मंडळी पीपीएम पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) करतात ते याच फेनॉलचं प्रमाण, आर्डबेग या आयलाच्या व्हिस्कीचं साधारण 55 सांगतात, तिथल्याच लाफ्रॉइगचं 40 ते 45. पण ते मोजलेलं असतं दाण्यात, बाटलीत नाही, गाळताना आणि पिंपात मुरताना बरंच कमी होतं, त्यामुळे आकडा बघून बाटली घेऊ नका.

पहिल्यांदाच घेत असाल तर बोमोर 12 बरी (आकडा म्हणजे पिंपात किमान किती वर्षं मुरली), धूर आहे पण अंगावर येत नाही. लागावूलिन 16 त्यानंतर. लाफ्रॉइग 10 आणि आर्डबेग 10 शेवटी, कारण एकाच बैठकीत दोन-तीन चाखणार असाल तर जास्त धुरकट ती नेहमी सगळ्यात शेवटी, नाहीतर पुढचं काहीच कळत नाही. स्कॉचच पाहिजे असं नसेल तर गोव्याची पॉल जॉन बोल्ड बघा, ती आयलाचंच पीट वापरून बनवतात. (महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण आणि परमिट लागतं, ते तेवढं बघून घ्या.)

आता बसायचं. खोलीत अगरबत्ती नको, किचनमध्ये फोडणी चालू नको, अंगावर डिओ नको. ग्लास तोंडाशी निमुळता हवा, ग्लेनकेर्न हा खास व्हिस्कीचा ग्लास असेल तर छानच, नाहीतर साधा वाइन ग्लास चालतो. 30 मिली ओता, बर्फ नको, थंडीने वास दबतो, आणि मग दहा मिनिटं हात लावू नका. हे वाट बघणं लोकांना जमत नाही, पण सगळ्यात महत्त्वाचं हेच.

वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका, अल्कोहोलच झोंबेल. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळू श्वास घ्या. आधी आयोडीन, राख, खारी मासळी असलं काहीतरी येईल. येऊ दे. मध्ये स्वतःच्या शर्टाच्या बाहीचा वास घ्या म्हणजे नाक जागेवर येतं, मग परत ग्लास. तिसऱ्या-चौथ्या वेळेला धूर मागे सरतो, आर्डबेगमध्ये चक्क लिंबू येतं, लागावूलिनमध्ये सुक्या मेव्यासारखा गोडवा.

पहिला घोट अगदी छोटा, तो फक्त जिभेला तयार करायला, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट तोंडात घोळवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. धूर तेव्हा परत येतो आणि चांगल्या माल्टमध्ये बराच वेळ रेंगाळतो.

मग पाणी. पाणी घातलं की व्हिस्की बिघडते असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. 2017 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर रेणूंचं गणित मांडून दाखवलं की धुरकट वास देणारं ग्वायकॉल अल्कोहोल जास्त असेल तर आत दडून राहतं, पाण्याने अल्कोहोल कमी झालं की वरच्या थरात येतं, म्हणजे नाकाच्या जवळ. ड्रॉपर नसेल तर चमच्याने थेंब थेंब घाला, दर वेळी वास घ्या आणि आवडलं तिथे थांबा. 46 टक्केवाल्या बाटलीला जरा जास्त लागेल, 40 वालीला दोन-चार थेंब बास.

सोबत चकली, मसाला शेंगदाणे नकोत, तिखटाने जीभ बधिर होते. खायचंच तर डार्क चॉकलेट किंवा साधे काजू. आयलावर ताज्या कालवांवर थोडी व्हिस्की ओतून खातात, कोकणात कालवं मिळत असतील तर करून बघायला हरकत नाही, फक्त ताजी बघून घ्या.

उरलेली बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातं. आणि अर्ध्याखाली आली की फार महिने ठेवू नका, आत हवा जास्त झाली की आधी धूरच फिका पडतो, चार मित्रांना बोलवा.