दोन ट्यूनर कार्डं, एक अँटेना आणि फुटणारं चित्र

कॉम्प्युटरमध्ये टीव्हीचा सिग्नल घेणारं ट्यूनर कार्ड एकच असतं तोवर सगळं सुरळीत चालतं. दुसरं बसवलं की चित्रात चौकोन उमटतात, आवाज तुटतो, रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. मग बहुतेक जण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतात. तो उद्योग शेवटी ठेवा. आधी एवढंच ठरवा, की बिघाड केबल-अँटेनात आहे की कॉम्प्युटरच्या आत.

कॉम्प्युटर बंद करून पॉवर केबल काढा. एकच कार्ड ठेवा आणि स्प्लिटर (एका केबलचा सिग्नल वाटून देणारा जोड) बाजूला काढून अँटेनाची केबल थेट त्याला जोडा. एक चॅनेल दहा मिनिटं चालू द्या. मग ते कार्ड काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरं लावा आणि तेच चॅनेल बघा. दोन्ही एकेकटी नीट चालली तर कार्डं शाबूत आहेत. आता एका कार्डावरच स्प्लिटर मध्ये घाला आणि रिकाम्या तोंडाला ७५ ओहमचं टर्मिनेटर (तोंड बंद करणारं टोपण) लावा. इथे चित्र फुटलं तर कॉम्प्युटरला हात लावायचं कारणच नाही.

दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडावर साधारण ३.५ डेसिबल सिग्नल खातो, चार तोंडांचा साधारण ७. डिजिटल चित्र हळूहळू मुंग्यांनी भरत नाही. ते शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं आणि मर्यादा ओलांडली की एकदम फुटतं. म्हणून एका कार्डावर ‘उत्तम’ दिसणारा सिग्नल दोघांत वाटल्यावर काठावर येतो. अँप्लिफायर लावायचाच तर अँटेनाजवळ, स्प्लिटरच्या आधी लावा. लांब केबलनंतर लावला तर सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढतो. प्रक्षेपण केंद्र जवळ असेल तर उलटाच धोका असतो, अतिसिग्नलने ट्यूनर गुदमरतो. आणि काही विकत आणण्याआधी एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा स्क्रूचा जोड) उघडून भिंगातून बघा. बाहेरच्या जाळीची केसाएवढी एखादी तार मधल्या तारेला टेकलेली असते आणि आपण महिनाभर सॉफ्टवेअरला दोष देत असतो.

डिश असेल तर साधा स्प्लिटर चालत नाही. ट्यूनर त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट आणि २२ किलोहर्ट्झचा टोन पाठवून एलएनबीला (डिशसमोर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) लहरींची दिशा आणि पट्टा बदलायला सांगतो. दोन ट्यूनर एकाच एलएनबीला वेगवेगळे हुकूम देऊ लागले की एकाचं चॅनेल बदलताच दुसऱ्याचं चित्र जातं. त्यावर सरळ उपाय म्हणजे दोन स्वतंत्र तोंडांचा एलएनबी आणि दोन केबल.

आकडे काय सांगतात

सिग्नलच्या टक्केवारीवर फार विसंबू नका. प्रत्येक कार्डाची मोजपट्टी वेगळी असते. दुरुस्त न झालेल्या ब्लॉकांची (सिग्नल खराब आल्याने वाया गेलेल्या डेटाच्या तुकड्यांची) संख्या बघा. ती वाढत असेल तर दोष बाहेर आहे. ती शून्यावर असूनही रेकॉर्डिंगमध्ये कंटिन्युइटी एरर (पॅकेटांचा क्रम तुटल्याच्या नोंदी) येत असतील तर डेटा कॉम्प्युटरच्या आत गळतोय. डिजिटल प्रवाह १८८ बाइटच्या पॅकेटमध्ये येतो. चित्राच्या पॅकेटवर ० ते १५ असे फिरते क्रमांक असतात, आवाजाच्या पॅकेटवर त्यांचे वेगळे. चित्राच्या ७ नंतर थेट ९ आला, की ८ वाटेत पडला.

आतली गळती

जुन्या पीसीआय बसवर (मदरबोर्डवर कार्डं जोडणाऱ्या सामाईक मार्गावर) सेकंदाला १३३ मेगाबाइट जातात, तेही सगळ्या कार्डांत वाटून. ७२० बाय ५७६ चं न आकुंचलेलं अ‍ॅनालॉग चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, म्हणजे एका कार्डाचे जवळजवळ २१ मेगाबाइट. दोन कार्डं कागदावर मावतात. त्याच बसवर डिस्क कंट्रोलर किंवा नेटवर्क कार्ड असलं की अडखळतात. तिथे स्लॉट बदलून बघा. डीव्हीबी-टी, म्हणजे अँटेनावर येणारं डिजिटल प्रक्षेपण, मात्र एका कार्डाला सेकंदाला ४ मेगाबाइटच्या वर जात नाही, त्यामुळे तिथे बसला दोष देऊ नका. पॉवर सेटिंगमधली पीसीआय एक्स्प्रेसची लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट (वीज वाचवायला कार्डाची जोडणी झोपवणारी सोय) बंद करा. यूएसबी ट्यूनर असतील तर सिलेक्टिव्ह सस्पेंड ही यूएसबीची तशीच सोयही बंद करा, आणि दोन्ही ट्यूनर एका हबवर लावू नका: यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपियरच देतो आणि विजेची सोय नसलेला हब तेवढेच सगळ्यांत वाटतो.

कार्डं सारखीच असतील तर एक लावून ड्रायव्हर बसवा, कॉम्प्युटर बंद करा, मगच दुसरं लावा. लिनक्समध्ये सुरू होताना अ‍ॅडॅप्टरचे क्रमांक उलटसुलट होऊ शकतात आणि ठरवलेलं रेकॉर्डिंग भलत्याच ट्यूनरवर जातं; ड्रायव्हरच्या पर्यायांत प्रत्येकाचा क्रमांक पक्का करून टाका.

एखादं कार्ड दिसेनासं झालं तर नुसतं रीस्टार्ट पुरत नाही. कॉम्प्युटर बंद असतानाही मदरबोर्डला स्टँडबाय वीज मिळत राहते आणि कार्ड जुन्याच अवस्थेत अडकून राहू शकतं. पॉवर केबल अर्धा मिनिट काढून ठेवा, मग चालू करा. फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) नव्याने चढतं.

बिघाड नेहमी चालू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी येत असेल तर उष्णता तपासा. दोन कार्डं शेजारी-शेजारी चिकटून असतील तर मध्ये एक स्लॉट रिकामा सोडा, आणि ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यासमोर ट्यूनर ठेवू नका.