डुकराच्या पाठीची चरबी खाद्यातून कशी सांभाळावी

म्हशीला करडईची पेंड घातली, तरी तिच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव पेंडीतल्या तेलाचे रूप बरेचसे बदलून टाकतात आणि तिची चरबी घट्टच राहते. डुक्कर रवंथ करीत नाही. त्याने खाल्लेले तेल आतड्यातून शोषले जाऊन बहुतांशी त्याच रूपात कातडीखाली साठते. म्हणूनच बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पाळणाऱ्याने जवस किंवा जीवनसत्त्वाची पुडी आणण्यापूर्वी रोजच्या घमेल्यात एकूण तेल किती जाते, हे आधी पाहावे. पूरक खाद्याचा विचार त्यानंतरचा.

चोर्ला घाटापलीकडचे गिऱ्हाईक असेल, तर ही बाब अधिक जपावी लागते. गोव्याच्या चोरीसमध्ये, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजमध्ये, चरबीचे तुकडे मांसापासून वेगळे, पांढरे आणि ताठ दिसावे लागतात. मऊ चरबी कापताना सुरीला लिबलिबते, सुकवताना पाझरते आणि लवकर खवट होते.

कणी, जोंधळा यांसारख्या पिठूळ धान्यापासून डुक्कर स्वतःच्या शरीरात चरबी तयार करते. तीत पामिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक ही आम्ले मुख्य असल्याने ती घट्ट बसते. मक्यात सुमारे ४ टक्के तेल असते आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग लिनोलेइक आम्लाचा, म्हणजे चरबी मऊ करणारा असतो; तरीही मका मर्यादेत चालतो. खरा घोटाळा भाताच्या कोंड्यात होतो. खानापूर तालुक्यातील गिरणीचा ताजा कोंडा स्वस्त मिळतो, पण त्यात १५ ते २० टक्के तेल असू शकते, तर तेल काढून घेतलेल्या कारखान्याच्या कोंड्यात ते नाममात्र उरते. दोन्हींना आपण कोंडाच म्हणतो. मूठभर कोंडा घट्ट दाबून पाहावा: तेलकट कोंड्याचा गोळा टिकतो आणि तळहात चिकट होतो, तेल काढलेला कोंडा भुगा होऊन सांडतो. मी स्वतः एका पावसाळ्यात हा भेद न पाहता अख्खा गट तेलकट कोंड्यावर वाढवला होता. वजन उत्तम भरले, पण व्यापाऱ्याने चरबीवर अंगठा टेकवला आणि भाव पाडला. चूक माझीच होती.

पेंडीलाही हाच नियम लागू आहे. घाणीच्या पेंडीत तेल बरेच उरते, तर कारखान्याच्या सोयापेंडीत फारच थोडे. घरचे सोयाबीन भाजून घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्यात १८ ते २० टक्के तेल असल्याने ते लहान पिलांना द्यावे, विक्रीला आलेल्या डुकरांना देऊ नये.

जवसाचा हेतू निराळा आहे. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ असते आणि ते मांसात व चरबीत उतरते. मात्र जवस चरबी मऊ करते आणि ती लवकर खवटही होते. त्यामुळे ओमेगा-३ साठी जादा भाव देणारे गिऱ्हाईक आधी ठरले असेल, तरच भरडलेले, उष्णता दिलेले जवस एकूण खाद्याच्या ५ टक्क्यांपर्यंत द्यावे. नुसता भाव चांगला येईल या आशेवर जवस घालणे मला पटत नाही. किनारपट्टीवरून येणारी मासळीची कुटी विक्रीपूर्वी किमान महिनाभर बंद करावी, अन्यथा मांसाला मासळीचा वास येतो.

ई जीवनसत्त्व चरबी घट्ट करीत नाही, ती खवट होण्याचे लांबवते. त्याने चरबी घट्ट होते, हा गैरसमज फार पसरला आहे. एक किलो खाद्यामागे १०० ते २०० मिलिग्रॅम या प्रमाणात ते विक्रीपूर्वी काही आठवडे सलग दिले, तरच स्नायूंत आणि चरबीत पुरेसे साठते. संयुग्मित लिनोलेइक आम्ल, म्हणजे लिनोलेइक आम्लाचेच निराळ्या रचनेचे रूप, चरबी घट्ट करते खरे, परंतु त्याचा खर्च छोट्या गोठ्याला झेपत नाही. वाढीसाठी जास्त मात्रेत दिलेले मोरचूद मात्र चरबी मऊ करू शकते, म्हणून वाढत्या वयानंतर ते थांबवावे.

खाद्यातला बदल पाठीवर दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्यामुळे ९० ते १०० किलोला विकायचे डुक्कर ६० किलोच्या आसपास पोचले, की तेलकट कोंडा, घाणीची पेंड आणि हॉटेलातले तळणाचे उरलेले तेल बंद करून कणी, जोंधळा आणि कारखान्याची सोयापेंड यांवर आणावे. आणि हा बदल एका दिवसात न करता आठवडाभरात करावा, म्हणजे हगवण लागत नाही.

पहिले डुक्कर कापले, की खांद्याजवळच्या पाठीच्या चरबीचा बोटभर जाड तुकडा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी अंगठ्याने दाबावा. चरबी पांढरी असून खड्डा पडला नाही, तर उरलेल्या गटाचे खाद्य तसेच चालू ठेवावे. अंगठ्याला तेल लागले किंवा चरबीचे थर एकमेकांपासून सुटू लागले, तर बाकीच्यांची विक्री महिनाभर पुढे ढकलून कणीचे प्रमाण वाढवावे.