फोन करण्याआधी कॅबिनेटच्या मागे बघा

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत चार विंग आहेत आणि कॉम्प्युटर बघून देणारी मी एकटी. ऐरोलीला एका ऑफिसात आयटी सपोर्टला आहे. म्हणजे सोमवार ते शुक्रवार हेच काम पगारावर आणि शनिवार-रविवार हेच काम चहावर. चहाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फोनवर जे शब्द कानावर येतात, त्यांनी डोकं उठतं. नुसतं डोकं उठलं असतं तरी चाललं असतं, पण एकदा त्या शब्दांनी काकांचे साडेआठ हजार घालवले.

गेल्या दिवाळीची साफसफाई आटपली आणि ए विंगच्या काकांचा फोन आला. "अगं, सीपीयू गेला गं." मी मीटिंगमध्ये होते. संध्याकाळी येते म्हटलं. काकांना कुठला धीर! पुतण्याला पिटाळलं मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण तो पत्ता सांगितला तर टॅक्सीवालाही दोन मिनिटं विचार करतो.) पोरगं ठाण्याहून दादर, दादरला पूल चढून पलीकडे आणि मग ग्रँट रोड असं करत पोचलं आणि म्हणालं, सीपीयू द्या. दुकानदाराने सीपीयू दिला. त्याची काय चूक? मागितलं ते दिलं. बिस्किटाएवढी चौकोनी चकती, कोरा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा नुसता मेंदू, जो काकांच्या मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य पाटीच्या) सॉकेटमध्ये बसणारही नव्हता.

मी गेले तेव्हा ती डबी टेबलावर होती, सील फोडलेली. मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट भिंतीपासून ओढलं. मागे जिथे पॉवरची वायर लागते, तिथे एसएमपीएसवर (आत वीज पुरवणाऱ्या डबीवर) इवलंसं काळं बटण असतं. एका बाजूला दांडी, एका बाजूला गोल. दांडी म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. झाडू लागून ते गोलावर पडलं होतं. बोटाने ढकललं, पंखा घरघरला, काकू आतून म्हणाल्या, "झालं का सुरू?"

म्हणून आधी हे पाठ करा: तो मोठा डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू त्याच्या पोटात असतो आणि सहसा तो सगळ्यात शेवटी मरतो. आमच्या शाळेच्या पुस्तकात डब्यालाच बाण काढून सीपीयू लिहिलेलं होतं, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. पण आता सवय बदला. डबा चालूच होत नसेल तर भिंतीवरचं बटण, एक्स्टेंशन बोर्डाचं बटण आणि हे मागचं बटण, या क्रमाने बघा. मग फोन करा.

दुसरा शब्द मेमरी. "मेमरी फुल झाली" म्हणजे नेमकं काय, हे मला प्रत्येक वेळी ओळखावं लागतं. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. रॅम म्हणजे ओटा, स्टोरेज म्हणजे माळा. ओटा लहान असला की एका वेळी पोळ्या लाटणं आणि भाजी चिरणं जमत नाही, तसा कॉम्प्युटर अडखळतो. माळा भरला की नवीन पातेलं ठेवायला जागा नसते, तसे फोटो सेव्ह होत नाहीत. लाइट गेली की ओटा आपोआप साफ, माळ्यावरचं तसंच. तेव्हा "फोटो ठेवायला जागा नाही" किंवा "चार गोष्टी उघडल्या की अटकतो" असं सांगा, मेमरी हा शब्द काढूच नका. आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. जागा तेवढीच आहे.

वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव म्हणून मांडावं असं मला वाटतं. वायफाय म्हणजे तुमच्या फोनपासून घरातल्या डब्यापर्यंतचा, म्हणजे राउटरपर्यंतचा रस्ता. इंटरनेट म्हणजे त्या डब्यापासून बाहेरचा. नेट गेलं की आधी फायबरच्या डब्याकडे बघा. एलओएस नावाचा दिवा लाल असेल तर बाहेरून सिग्नलच येत नाही. कंपनीला फोन करा, मला नको. सगळे दिवे ठीक आणि फक्त बेडरूममध्ये चालत नसेल, तर राउटर शोकेसमधल्या स्टीलच्या डब्यांमागून बाहेर काढा. सी विंगच्या काकू अभिमानाने सांगतात की आमच्या वायफायचं ५जी आहे. ते ५ गिगाहर्ट्झ आहे हो काकू, मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. ते वेगवान असतं पण भिंतींपुढे लवकर हात टेकतं. लांबच्या खोलीत २.४ वालं नाव निवडा. राहिला स्पीड. १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोड फार तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने होणार, कारण लाइन बिटमध्ये विकतात, फाइल बाइटमध्ये मोजतात आणि ८ बिटांचा १ बाइट. यात कोणी फसवलेलं नाही.

आता माझा खरा दुखरा कोपरा. हा संवाद मी महिन्यातून तीनदा करते:

"एरर आला होता."

"काय लिहिलं होतं?"

"होतं काहीतरी इंग्लिशमध्ये."

"मग?"

"मी ओके केलं."

अहो, तो एकच साक्षीदार होता आणि तुम्ही त्याला घरी पाठवलात! ती चौकट आली की माउसवरून हात काढा. वाचा. समजलं नाही तरी चालेल, फोनने फोटो काढून पाठवा. एरवी स्क्रीनचा फोटो काढणाऱ्यांवर मी चिडते, त्यात पट्टे येतात आणि वरचा पंखा दिसतो. पण एररसाठी सगळं माफ. बाकी काही दाखवायचं असेल तर विंडोजचं बटण, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा, हवा तेवढा भाग माउसने निवडा आणि मेसेजमध्ये पेस्ट करा. आधार-पॅनचे स्कॅन व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान केलं जातं आणि मग अक्षर वाचता येत नाही.

"रोज बंद करते तरी स्लो" हेही नेहमीचं. विंडोज ८ पासून शट डाउन केलं तरी कॉम्प्युटर पूर्ण झोपत नाही. पुढच्या वेळी पटकन उठावं म्हणून आतलं बरंच काही डिस्कवर जपून ठेवतो. रीस्टार्टमध्ये मात्र खरंच सगळं नव्याने सुरू होतं. पटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये जा, सीपीयूवर क्लिक करा (इथे तो शब्द बरोबर आहे) आणि खाली अप टाइम, म्हणजे खरं नव्याने सुरू होऊन किती वेळ झाला ते, बघा. रोज बंद करणाऱ्या एका काकांचा तेवीस दिवस निघाला. आणि डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच वेळा रिफ्रेश करणं थांबवा. त्याने चित्रं पुन्हा रंगतात, बाकी काही होत नाही. उदबत्ती ओवाळलीत तरी तेवढाच फरक पडेल.

"फॉरमॅट मारून टाक" म्हणण्याआधी नातवाचे फोटो दुसरीकडे उतरवलेत का, एवढंच विचारते, कारण त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. फोनला "सॉफ्टवेअर मारलं" यावर मी बोलायचं सोडून दिलंय.

शेवटचं सेक्रेटरीसाहेबांसाठी. पाणीकपातीची नोटीस तुम्ही जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करता आणि सगळ्यांना फाइल पाठवता. तुमच्याकडे ती मराठीत दिसते. आमच्याकडे इंग्लिश अक्षरं आणि खुणांची भेळ. कारण त्या जुन्या फॉन्टांनी इंग्लिश अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवली होती. तो फॉन्ट नाही, तिथे मराठी नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षरांच्या यादीत, देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, कीबोर्ड तिथेच मिळतो. आणि शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार चाळीस वेळा दाबू नका. कंट्रोल आणि ई. नवीन पान हवं तर एंटर बडवत बसण्यापेक्षा कंट्रोल आणि एंटर. गेल्या सभेचा अजेंडा मी दुरुस्त करायला घेतला आणि वर एक ओळ घातली, तर अध्यक्षांची सही खाली एकटीच पुढच्या पानावर गेली.

परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये होते तेव्हा ए विंगच्या काकांचा मेसेज आला. "कॅबिनेट चालू आहे. मागचं बटण दांडीवर. मॉनिटर काळा, त्यावर नो सिग्नल लिहिलंय. काल टेबल सरकवलं होतं." मी दिघ्याला उभ्या उभ्या लिहिलं, मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना दाबून बसवा. ऐरोली यायच्या आत उत्तर आलं.

"झालं! सीपीयू लागला."