१/२८ मापाची रिमोटवरची गाडी रेसला उतरवण्याआधी: नागपूरच्या हवेसाठी तयारीची यादी

मोटर सगळ्यात शेवटी. नवीन माणूस पहिला खर्च मोटरवर करतो आणि मग सगळी रेस गाडी भिंतीतून उपटून काढण्यात घालवतो. खालची तयारी चार एएए सेलवर चालणाऱ्या, मागच्या चाकांना ताकद असलेल्या १/२८ मापाच्या (खऱ्या गाडीच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाएवढ्या) गाडीची आहे. १९९९ मध्ये जपानच्या क्योशो कंपनीने या मापाची मिनी-झी गाडी आणली, तेव्हापासून हॉलमध्ये पळवायच्या छोट्या गाड्यांचं हे माप रूढ झालं आहे. क्रम असा: आधी गाडी सरळ करायची, मग तिला पकड द्यायची आणि वेगाचा विचार त्यानंतर.

आठवडाभर आधी हत्यारं गोळा करा. काचवाल्याकडून एक फूट बाय एक फूट, पाच मिलिमीटर जाडीची काच कापून घ्या आणि कडा घासून मागा. गाडी सपाट बसते की नाही हे घरातल्या फरशीवर कळत नाही, काचेवर कळतं. सराफांकडे असतो तसला खिशातला डिजिटल काटा हवा, ०.१ ग्रॅम दाखवणारा पुरे. टायरचा व्यास मोजायला व्हर्निअर घ्या. स्क्रू-ड्रायव्हर मात्र जपून निवडा. जपानी किटचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाच्या) खाचेचे असतात. साधा फिलिप्स त्यात वरवर बसतो, पण जोर दिला की निसटतो आणि डोकं खाऊन टाकतो. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये परत बसवताना तो आधी उलटा फिरवा. ‘टक’ करून जुन्या आट्यात पडला की मगच सुलटा आवळा, नाहीतर दर वेळी नवा आटा कापला जातो आणि चौथ्या-पाचव्या खेपेला छिद्र सैल होतं.

आता गाडी सरळ करायची. सेलसकट, बॉडीसकट गाडी साधारण १६० ते १७५ ग्रॅम भरते आणि त्यातले पन्नासच्या आसपास ग्रॅम नुसत्या चार सेलचे असतात. म्हणून चारही सेल काट्यावर टाका. एकाच पाकिटातल्या सेलमध्येही अर्ध्या ग्रॅमचा फरक निघू शकतो. जड-हलक्याची जोडी लावून डावी-उजवी बाजू समतोल करा आणि सेलवर मार्करने जागा लिहून ठेवा. आयोजक ट्रान्सपाँडर (फेऱ्या मोजण्यासाठी गाडीत बसवायचं छोटं यंत्र) देणार असतील तर वजन तो बसवूनच घ्या. मग गाडी काचेवर ठेवा आणि नाकाच्या बरोबर मध्याखाली ब्लेडचं पातं घालून हळूच उचला. पुढची दोन्ही चाकं एकदम सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर त्या चाकावर भार कमी आहे, म्हणजे चेसिसमध्ये पीळ आहे. दहापैकी आठ वेळा हा पीळ टी-प्लेटच्या (मोटरची मागची बाजू चेसिसला जोडणाऱ्या लवचीक पट्टीच्या) स्क्रूमधून आलेला असतो. ते स्क्रू सैल करा, गाडी काचेवर दाबून बसू द्या आणि आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा. डावीकडे छान वळणारी गाडी उजवीकडे गर्रकन फिरत असेल तर दोष हाताचा नसतो, या पिळाचा असतो.

मागच्या ॲक्सलवरची चाकं काढा आणि बेअरिंगपाशी गुंडाळलेले केस, कार्पेटचे धागे चिमट्याने ओढून काढा. हे काम सगळे टाळतात. बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन वाळवा आणि एकच थेंब पातळ तेल द्या. जास्त तेल दिलं तर धूळ चिकटते. बॉल-डिफची (वळणात मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाची) तपासणी बोटांनीच होते. दोन्ही मागची चाकं घट्ट धरून स्पर गिअर (डिफवरचं मोठं दातेरी चाक) अंगठ्याने ढकला. तो सहज घसरत असेल तर डिफ ढिला आहे. वेग घेताना तो घसरून रिंगवर चरे पाडेल आणि नंतर कितीही आवळला तरी खरखरत राहील. उलट एक चाक फिरवलं की दुसरं उलट्या दिशेला मऊ फिरलं पाहिजे. अडत-अडत फिरलं तर डिफ जास्त आवळला आहे आणि वळणात गाडी नाक बाहेर टाकणार. पिनिअन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि स्परमध्ये पूर्ण फेरीभर केसाएवढी मोकळीक ठेवा. दात घट्ट बसले तर मोटर तापते, फार सैल राहिले तर झिजतात.

टायरवर मात्र वेळ घालवा, कारण इथेच रेस ठरते. मागे मऊ, पुढे कडक हा मूळ नियम. फोमच्या मॅटच्या ट्रॅकवर मागे २० किंवा ३० डिग्रीचा रबर (आकडा कमी तितका मऊ) आणि पुढे ४० किंवा त्याहून कडक, इथून सुरुवात करा. मागच्या दोन टायरच्या व्यासात ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक नको. थ्रॉटल सोडल्यावर सरळ जाणारी गाडी थ्रॉटल देताच एका बाजूला ओढत असेल तर आधी व्हर्निअर काढा. टायर रिमवर फिरू नये म्हणून आतून पातळ दुतर्फी टेप लावतात. ती एकदाच, एकसारखी गुंडाळा. जोडावर टेप दुहेरी झाली तर चाक उंचवट्यावर उड्या मारतं. पकड इतकी वाढली की गाडी वळणात कलंडायला लागली, तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर सुपरग्लूचा पातळ हात फिरवा. कड कडक झाली की टायर ट्रॅकमध्ये रुतत नाही. चेसिसखाली एक ते दीड मिलिमीटर जागा ठेवा. मॅटचे सांधे उंच-सखल असतील तर दीडच बरी.

पुढची बाजू तुलनेने सोपी. किंग-पिन (ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती) पुसून चकचकीत करा आणि स्प्रिंग बोटाने दाबून पाहा, दोन्हीकडे सारखं परत यायला हवं. पुढची चाकं किंचित बाहेर उघडी असली तर गाडी वळणात पटकन शिरते, किंचित आत असली तर सरळ रस्त्यावर शांत राहते. अनोळखी ट्रॅकला शून्यापासून सुरुवात करा. ट्रान्समीटरवर ट्रिम (स्टीअरिंगचा मध्य बारीक सरकवायची सोय) शून्यावर ठेवा आणि चाकं सरळ करण्याचं काम आधी टाय-रॉडने (पुढची चाकं वळवणाऱ्या दांडीने) करून घ्या. स्टीअरिंगची मर्यादा चाक आत कुठेही टेकणार नाही इतकीच राखा. चाक टेकलं की सर्व्हो (स्टीअरिंग वळवणारी छोटी मोटर) तापतो आणि सेलही उगाच उतरतात.

उन्हाळा वेगळा सांगावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना बंद कारच्या डॅशबोर्डवर गाडीचा डबा ठेवला तर दुतर्फी टेपचा गोंद सुटतो आणि टायर रिमवर सरकतात. सेल तर तिथे ठेवूच नका. निकेल मेटल हायड्राइड सेल गरम हवेत नीट चार्ज घेत नाहीत आणि चार्जरलाही ‘भरलं’ हे ओळखणं अवघड जातं. म्हणून चार्जिंग दुपारी नाही, पहाटे करा, अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपासच्या करंटवर, आणि सेल एकमेकांना न टेकता. मोटरलाही उन्हाळा बाधतो. फेराइट चुंबक तापला की त्याची ताकद उतरते, मग त्याच कामाला मोटर जास्त करंट ओढते आणि आणखी तापते. हिवाळ्यात ज्या पिनिअनवर गाडी मजेत पळाली, तिथून एप्रिल-मेमध्ये एक दात कमी करा. पाच मिनिटांच्या रननंतर मोटरच्या डब्यावर बोट तीन सेकंद टिकत नसेल तर दात कमी करायलाच हवा. ब्रशवाली नवी मोटर थेट ट्रॅकवर नेऊ नका. दोन सेलवर, काही भार न देता, दहा मिनिटं फिरवून ब्रश बसू द्या.

ट्रॅक तुम्हीच मांडणार असाल तर मॅट आदल्या रात्रीच पसरून ठेवा, म्हणजे गुंडाळीचा बाक निघेल. भिंतीला चिकटवून मांडू नका. दुपारी फोम फुगतो आणि मधोमध टेकडी उभी राहते, सगळीकडून बोटभर जागा सोडा. काळ्या मातीची बारीक धूळ बुटांसोबत आत येते, तेव्हा चपला-बूट दाराबाहेर. आणि कूलर! त्याचं तोंड ट्रॅककडे असलं की ओलसर हवेने तेवढ्या कोपऱ्यातली पकड बदलते आणि माणूस तासभर सेटिंगला दोष देत बसतो. कूलर खेळाडूंकडे वळवा. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा हॉलच दमट असतो, तेव्हा सकाळचं सेटिंग दुपारी चालेलच असं नाही.

सरावात एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत वेळ, तापमान, टायर, पिनिअन लिहा. मागची बाजू सुटत असेल तर पहिलं काम टायर पुसणं. चिकटपट्टी उलटी धरून टायर तिच्यावर फिरवले की धूळ निघते आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरी सुटली तर मागे आणखी मऊ टायर, मग मऊ टी-प्लेट, त्यानंतर पुढे कडक स्प्रिंग. गाडी वळतच नसेल तर हेच बदल उलट करा, पण आधी डिफ पाहा. बॉडी चेसिसला कुठे घासते का तेही बघा. बाहेरून दिसत नाही, पण टी-प्लेट मोकळी हलत नाही आणि गाडी कारण नसताना ताठर वागते.

पिशवीत सेलचे दोन जादा संच, ट्रान्समीटरचे सेल, एक स्पर, दोन टी-प्लेट, टाय-रॉड, स्क्रूंची डबी आणि एक्स्टेन्शन बोर्ड. हॉलमध्ये प्लग कधीच पुरत नाहीत. उतरताना आधी ट्रान्समीटर चालू करा, मग गाडी. थांबताना आधी गाडी बंद, मग ट्रान्समीटर.