हौशी नाटकाचे वृत्तछायाचित्रण : तालमीपासून सेट उतरेपर्यंत

हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगाची छायाचित्रे काढण्यास निघालेला नवखा छायाचित्रकार बहुधा तिसऱ्या घंटेच्या थोडा आधी नाशिकच्या महाकवी कालिदास कलामंदिरात पोहोचतो, मिळेल त्या खुर्चीत बसतो आणि पडदा पडेपर्यंत चार-पाचशे चित्रे टिपून घरी जातो. त्या चित्रांत नाटक असते, पण ते उभे करणारी माणसे नसतात. वृत्तछायाचित्रणाच्या दृष्टीने पाहिले, तर खरा विषय ही माणसेच आहेत. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातली पाळी संपवून किंवा बँकेतले काम आटोपून रात्री तालमीला येणारा नट, मुलाला शेजारी बसवून संवाद पाठ करणारी नटी आणि स्वतःच्या घरातले टेबल नेपथ्यासाठी उचलून आणणारा कार्यकर्ता यांच्याशिवाय राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावरचा किंवा कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेतला एकही प्रयोग उभा राहत नाही.

म्हणून कामाचा आरंभ तालमीपासून करावा. आधी दिग्दर्शकाची आणि संस्थेची परवानगी घ्यावी, चित्रे कोठे वापरली जाणार आहेत हे स्पष्ट सांगावे आणि बालकलाकार असल्यास त्यांच्या पालकांनाही विचारावे. पहिल्या दिवशी कॅमेरा जवळ असला तरी त्याला फारसा हात लावू नये, कारण नवा माणूस पाहिला की नटमंडळी नकळत त्याच्यासाठी अभिनय करू लागतात आणि ते थांबण्यास एक-दोन संध्याकाळी जाव्या लागतात. या वेळेत संहिता वाचून घ्यावी. कोणत्या प्रवेशात कोण कोणत्या विंगेतून येतो, ब्लॅकआऊट कोठे आहे आणि कोणत्या वाक्यानंतर दीर्घ विराम आहे, याच्या खुणा आपल्या प्रतीत करून ठेवल्यास प्रयोगाच्या दिवशी हात आपोआप योग्य क्षणी वर जातो. चांगले चित्र पुष्कळदा वाक्य संपल्यानंतरच्या त्या विरामात मिळते. बोलताना ओठ वेडेवाकडे झालेले असतात, तर विरामात बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा असे दोन्ही चेहरे जागे असतात.

तालमीत एक मोह कटाक्षाने टाळावा. हुकलेला क्षण पाहून ‘मघाचे पुन्हा एकदा करा ना’ असे म्हणू नये. तसे म्हणताच आपण साक्षीदार राहत नाही, दुय्यम दिग्दर्शक होतो. कोणाचे व्यक्तिचित्र मुद्दाम बसवून घेतले असेल, तर चित्रओळीत तसे नमूद करावे.

तांत्रिक बाजूची परीक्षा रंगीत तालमीत द्यावी, कारण त्या दिवशी प्रकाशयोजना लागलेली असते, प्रेक्षक नसतात आणि पहिल्या रांगेपासून विंगेपर्यंत फिरता येते. रंगमंचावरील काळ्या पडद्यांमुळे कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन फसते आणि चेहरे पांढरेफटक होतात. त्यामुळे मॅन्युअल मोड वापरून स्पॉट मापन (चौकटीतील लहानशा भागापुरते प्रकाशमापन) चेहऱ्यावरच घ्यावे. एफ/२.८ छिद्र, १/१६० ते १/२५० सेकंदाचा शटर वेग आणि १६०० ते ६४०० आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) या पट्ट्यात बहुतेक प्रवेश बसतात. महागडी झूम लेन्स नसेल, तर ५० मिमी एफ/१.८ ची साधी लेन्सही लहान संवेदक (सेन्सर) असलेल्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर सुमारे ७५ ते ८० मिमीचे काम करते आणि पहिल्या चार-पाच रांगांतून पुरेशी पडते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्यांच्या रंगछटेनुसार रंग जुळवणारी सोय, ऑटोवर ठेवू नये. हॅलोजन दिव्यांसाठी तो ३२०० केल्विनच्या आसपास बांधून घ्यावा आणि चित्रे रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात टिपावीत. गडद लाल वा निळ्या एलईडी प्रकाशात एकूण हिस्टोग्राम (उजेड-काळोखाचा आलेख) ठीक दिसत असतानाही त्या एका रंगाचा तपशील उडालेला असतो, म्हणून रंगांचे आलेख स्वतंत्रपणे पाहावेत आणि एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे.

एलईडी दिव्यांबाबत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका प्रयोगात आवाज नको म्हणून मी इलेक्ट्रॉनिक शटर लावले आणि घरी येऊन पाहतो, तर नायिकेच्या चेहऱ्यावर आडवे पट्टे. दिव्यांची सूक्ष्म लुकलुक आणि संवेदकाचे ओळीओळीने होणारे वाचन यांचा मेळ बसला नाही की असे घडते. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे तालमीच्या खोलीतील साध्या ट्यूबलाइटखाली १/५० किंवा १/१०० सेकंद सुरक्षित असतात. रंगमंचावरील एलईडींची लुकलुक मात्र वेगळ्याच गतीची असू शकते, तेव्हा रंगीत तालमीत चाचणी घेऊन पट्टे दिसल्यास यांत्रिक शटरच वापरावे आणि त्याचा आवाज टाळ्या, संगीत किंवा मोठ्या संवादाच्या आड घ्यावा.

प्रयोगाच्या वेळी फ्लॅश तर नकोच, शिवाय फोकसला साहाय्य करणारा लहान दिवा आणि कॅमेऱ्याच्या मागचा स्क्रीनही बंद ठेवावा. स्पर्धा असेल तर परीक्षकांच्या समोर किंवा त्यांच्या दृष्टीच्या रेषेत कधीही जाऊ नये. जागा बदलायची ती ब्लॅकआऊटमध्ये किंवा मध्यंतरात. रंगपटात दार वाजवून आणि विचारूनच जावे, कपडेपट बदलला जात असताना मुळीच जाऊ नये. रंगभूषा अर्धी झालेला चेहरा आरशात पाहणारा नट किंवा नटराजपूजनाच्या वेळी विंगेत मिटलेले डोळे ही चित्रे रंगमंचावरच्या कोणत्याही चित्राइतकीच मोलाची असतात.

नाट्यगृहाबाहेरचा लोकनाट्याचा अनुभव हवा असेल, तर जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा भागातील बोहाडा पाहावा. रात्रभर चालणाऱ्या या सोंगांतील मुखवटे गावासाठी देवस्वरूप असतात, म्हणून गावातील जाणत्यांना विचारल्याशिवाय मुखवटा घालतानाचे चित्र घेऊ नये. तेथेही फ्लॅश टाळावा; तो त्या रात्रीचा काळोखच पुसून टाकतो.

निवड करताना निष्ठुर व्हावे. पाचशेतून पंधरा पुरेत : जागेचे एक विस्तृत दृश्य, तालमीचे, रंगपटाचे, प्रयोगाचे, प्रेक्षकांचे आणि हातांचे किंवा वस्तूंचे एखादे जवळून घेतलेले. उजेड-काळोखाची मर्यादित दुरुस्ती आणि कातरणी चालते. खटकणारी वायर किंवा मागे उभा असलेला माणूस पुसून टाकणे चालत नाही. रंग बिघडले म्हणून चित्र कृष्णधवल करणे ही मला नेहमीच पळवाट वाटत आली आहे, मात्र ती मीही कधीकधी घेतो.

प्रयोग संपला की प्रेक्षकांबरोबर बाहेर पडू नये. सेट उतरतो, खिळे उपटले जातात, टेम्पो मागच्या दाराशी लागतो आणि मघाचा राजा लेंगा वर खोचून प्लायवूड उचलतो. ही चित्रे टिपून झाली की वही काढावी आणि चित्रातील प्रत्येकाचे पूर्ण नाव, भूमिका किंवा काम त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. ध्वनिसंकेत देणाऱ्याचे, पडदा ओढणाऱ्याचे आणि चहा आणणाऱ्याचेही, टेम्पो निघण्याच्या आत.